नकारांची यादी

वेंडेल हलुश्का गावच्या स्केटिंगच्या रिंकवर बर्फ गुळगुळीत करायचं यंत्र चालवायचा, आणि घरही तसंच चालवायला बघायचा. कुठे ओरखडा दिसता कामा नये. बायको जाऊन चार वर्षं झाली होती. घरात तो आणि अकरा वर्षांची लारिसा, दोघंच. पोरीला फोन दिला तो सतरा अटी घालून. तिला एखादं ॲप हवं असलं की आधी विनंती बापाच्या फोनवर यायची. त्याने 'हो' दाबलं तरच ते तिच्या फोनवर उतरायचं. वेंडेलचा नियम ठरलेला होता. आधी नाहीच म्हणायचं. हवंच असेल तर पोरीने समोर यावं आणि डोळ्याला डोळा भिडवून कारण सांगावं.

नियम अगदीच वाईट नव्हता, उगीच कशाला खोटं बोला. निम्म्या मागण्या कारण सांगायच्या वेळेपर्यंत पोरगी स्वतःच विसरून जायची. वेंडेलला त्याचा अभिमान होता, आणि रिंकवरच्या कॉफीबरोबर तो अभिमान सगळ्यांना ऐकून घ्यावा लागायचा.

मार्चमधल्या एका शनिवारी दुपारी तो कँटीनच्या काउंटरला टेकून उभा होता. आत कँटीन चालवणारी रोवीना कांदा घालून पेरोगी, म्हणजे बटाटा भरलेल्या करंज्या, परतत होती. मुलींचा सराव चालू होता आणि लारिसा मात्र पोट दुखतंय म्हणून स्केट्स मांडीवर घेऊन पलीकडच्या बाकावर बसली होती. वेंडेलचा फोन वाजला.

"घ्या. चौथ्यांदा," तो म्हणाला. "फेब्रुवारीत तीनदा नाही म्हटलं, तरी हट्ट सुटत नाही. कसला तरी चंद्राचा खेळ आहे."

"कारण काय सांगते?"

"सांगायला येईल तेव्हा ना. येतच नाही. म्हणजे कारणच नाही."

"तू म्हणजे अगदी न्यायाधीश झालास की रे." रोवीनाने हात पुसले, चष्मा चढवला आणि फोन आपल्याकडे ओढला. पडद्यावर चंद्रकोर होती, तिच्याखाली एक लाल थेंब, आणि नाव होतं 'मूनलीफ'. तिने चष्म्यावरून वेंडेलकडे पाहिलं. तिची थट्टा कुठल्या कुठे पळाली होती.

"शहाण्या, हा खेळ नाही. माझ्या भाचीच्या फोनवर आहे हे. पाळीची तारीख लिहून ठेवतात यात."

वेंडेलने पलीकडच्या बाकावरच्या लारिसाकडे पाहिलं.

"आणि फेब्रुवारीत माझे पेपर नॅपकिन गठ्ठ्यागठ्ठ्याने गायब होत होते," ती हळू आवाजात म्हणाली. "मी त्या हॉकीच्या पोरांच्या नावाने खडे फोडत बसले."

वेंडेलला लाज वाटली. चार वर्षं तो स्वतःला पोरीचा बाप आणि आई दोन्ही समजत होता, आणि पोरीने कँटीनच्या नॅपकिनांवर दिवस काढले होते. तिने समोर येऊन, डोळ्याला डोळा भिडवून हे सांगायचं होतं? त्याने 'हो' दाबलं. रोवीनाने आपल्या पर्समधून सॅनिटरी पॅडचं एक पाकीट काढलं, खाकी पिशवीत घातलं आणि त्याच्या हातात दिलं.

"जा आता. आणि भाषण देऊ नकोस."

तो बाकावर लेकीच्या शेजारी जाऊन बसला. पिशवी दोघांच्या मध्ये ठेवली.

"रोवीनाने दिलंय."

लारिसाने आत डोकावलं. तिचे कान लाल झाले. "तिला कळलं?"

"तिला कळलं. मला तिने सांगितलं तेव्हा कळलं."

ती स्केट्सच्या नाड्यांशी चाळा करू लागली. मग म्हणाली, "मी येणार होते सांगायला. दारापर्यंत आले होते दोनदा."

"चुकलं माझं," वेंडेल म्हणाला. "यापुढे एखादं कारण तुला माझ्यापाशी सांगवत नसेल, तर रोवीनाला सांग. ती हो म्हणाली की माझं हो."

"आणि खेळ?"

"खेळांना नियम तोच."

ती किंचित हसली. एव्हाना तिच्या फोनवर ॲप उतरलं होतं. तिने ते उघडलं, आणि पहिल्याच प्रश्नाशी अडली. मागची पाळी कधी सुरू झाली, असं ते विचारत होतं.

"डॅड, तारीख लक्षात नाही रे माझ्या. पण आली त्याच दिवशी मी तुला पहिल्यांदा विचारलं होतं. तुझ्या फोनमध्ये असेल बघ."

वेंडेलने नाकारलेल्या विनंत्यांची यादी उघडली. खेळ, खेळ, फोटो सजवायचं काहीतरी, पुन्हा खेळ. बोटाने सरकवत तो खाली गेला. मूनलीफ, नाकारलं. मूनलीफ, नाकारलं. आणि सगळ्यात खाली पहिली विनंती, दुपारी तीन दहाची. त्या वेळी तो यंत्रावर होता. फेरी न थांबवता, एका हाताने त्याने 'नाही' दाबलं होतं.

"बारा फेब्रुवारी," तो म्हणाला.

लारिसाने ती तारीख भरली.