सतरा नंबरचं तापमान

दोनशे बारा सेन्सर आणि बघणारा मी एकटा. इंदुरात पलासियाच्या ऑफिसात बसून मी पीथमपूरच्या एका कारखान्याचे पाइप सांभाळतो. आतलं आम्ल पाइप खातं, म्हणून जागोजागी सेन्सर कायमचे बसवलेत. प्रत्येक सेन्सर रोज दोन आकडे पाठवतो, पाइपाची जाडी आणि तापमान. मी फक्त जाडी बघतो आणि सही ठोकतो. सात वर्षं झाली, कंटाळा आलाय.

सतरा नंबरचा जाडीचा आकडा सप्टेंबरपर्यंत घसरत होता. मग एकदम सुधारला आणि सहा मिलीमीटरवर टिकून राहिला. लोखंड कुठे वाढतं का? पण एक कटकट मिटली, म्हणून मी खूश.

जानेवारीत एका सकाळी चुकून तापमानाचा रकाना उघडला. सतरा नंबर, अकरा अंश. त्या पाइपातून नव्वद अंशांचं आम्ल वाहतं. अकरा अंश तर बाहेर इंदूरची थंडी होती.

कारखान्यात पाळीवर असलेल्या रघुवीरला फोन लावला. "लाइन बंद आहे का?"

"नाही अशोकजी, चालू है. एकदम गरम."

"मग सतरा नंबर गार कसा?"

"अब क्या बोलूं, भिया. रंगकामाला उतरवला होता. तो बंद पडला की तुमची स्क्रीन लाल होते, नि तुम्ही मला झाप झाप झापता. म्हणून मागच्या आवारात पडलेल्या पाइपाच्या तुकड्यावर लावून दिला. वापस बसवायचा राहूनच गेला."

"आत्ता कुठे आहेस?"

"त्याच पाइपाखाली. सगळे इथेच चाय पितो ना, ऊब असते."

"सगळ्यांना घेऊन उठ तिथून! लाइन बंद कर!"

तासाभराने त्यांनी हाताने जाडी मोजली. दोन मिलीमीटर. तीनच्या खाली गेली की पाइप बदलायचा असतो. मी खुर्चीत नुसता बसून राहिलो. चार महिने पाच माणसं त्याखाली बसत होती आणि मी आकड्यांखाली सह्या करत होतो.

दुपारी आमचे साहेब, समीर, या प्रकाराचा कोरा अहवाल घेऊन आले. "कारणात रघुवीरचा निष्काळजीपणा टाका आणि मोकळे व्हा."

मी कारणात लिहिलं, 'स्क्रीन लाल झाली की मी ओरडतो. म्हणून लोकांनी मला लाल दाखवणं सोडलं.'

मग पहिल्या ओळीपासून सगळं वाचलं आणि सही केली.