वीणेचा पहारा

आसाराम प्राध्यापकाला त्याच्या स्वतःच्या गावाने बोलावलं होतं ते माफी मागायला. त्र्याहत्तर सालचा चैत्र, सप्त्याचा सहावा दिवस, दुपारची टळटळीत वेळ. मारुतीच्या देवळापुढच्या मंडपात दोनेकशे माणसं बसली होती, आणि त्यातल्या एकाच्याही नजरेत ओल नव्हती.

गुन्हा एवढाच, की आपल्या ‘कुदळ’ साप्ताहिकात त्याने छापलं होतं : दुष्काळी कामाच्या खडीकेंद्रावरच्या बायांसाठी आलेला पाण्याचा टँकर तीन दिवस सप्त्याच्या मंडपाशी उभा आहे, आणि तिकडे रतनबाई दगड फोडता फोडता घेरी येऊन पडली.

आसारामची हयात अशीच गेली होती. पुण्याच्या दैनिकातून मालकाशी भांडून निघाला. पहिल्या कॉलेजातून ‘पोरांना संप शिकवतो’ म्हणून काढला. आता तालुक्याच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायचा आणि बाजाराच्या दिवशी सायकलला गठ्ठे बांधून संगमनेरात ‘कुदळ’ विकायचा. चाळिशी उलटलेली. ही नोकरी गेली तर पुढची कोण देणार, हे त्याला ठाऊक होतं आणि श्रीमंत पाटलांनाही ठाऊक होतं. पाटील सप्त्याचे अध्यक्ष, आणि त्या कॉलेजच्या मंडळावरही तेच.

“हं मास्तर,” पाटील म्हणाले, “समद्यांम्होरं पाया पडा, चुकलं म्हना, आन् उद्या खुशाल वर्गावर जा. न्हाईतर संध्याकाळच्या मीटिंगला तुमचा निकाल लागला म्हनून समजा.”

“छापलं ते खोटं असेल तर पडतो. टँकर कुठाय, पाटील?”

टँकर मंडपाच्या मागेच होता.

“देवाच्या पान्यावर डोळा हाय ह्याचा!”

“बाप ह्याच देवळात वीणा घिऊन उभा ऱ्हायचा, आन् पोटाला ह्यो लाल्या!”

“बोलत काय बसलाय? खेटरं हाना!”

दोघं-तिघं बाह्या सरसावून उठले. सगळ्यात पुढे भीमा.

या गलक्यात सहादेवबाबांकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. सत्तरीचा हा विणेकरी देवापुढे उभा होता. सप्त्याचे सात दिवस वीणा भुईला टेकत नाही, तिची तार थांबत नाही, आणि विणेकरी देवापुढून हलत नाही. एकाच्या गळ्यातून निघते ती दुसऱ्याच्याच गळ्यात पडते. आणि ज्याच्या गळ्यात ती आहे, त्याच्यावर हात उगारायची कुणाची छाती नाही. बाबांचा पहारा केव्हाच संपला होता. त्यांना सोडवायचं होतं भीमाने, आणि भीमा इकडे हाणामारीला निघाला होता.

“भीमा, आधी बाबांना सोडव,” आसाराम म्हणाला.

“तू नगं शिकवू मला!”

तेवढ्यात म्हाताऱ्याचे गुडघे लवले. आसाराम धावला. एका हाताने त्याने वीणा सावरली, लहानपणीच्या सवयीने वाकून बाबांच्या पायावर डोकं ठेवलं आणि वीणा गळ्यात घेतली. बाबांनीही रिवाजाप्रमाणे बसल्या जागेवरूनच त्याच्या पायांवर डोकं टेकलं. कुणीतरी त्यांच्या ओठाला तांब्या लावला. आसारामच्या बोटाला तार आपोआप सापडली. बापाचीच बोटं ती.

भीमाचा उगारलेला हात तसाच वर राहिला.

“काढ ती!” भीमा ओरडला. “देव न माननाऱ्याच्या गळ्यात वीणा?”

“काढतो की. या घ्यायला.”

कुणी हललं नाही. वीणा घेणाऱ्याने आधी देणाऱ्याच्या पायावर डोकं ठेवायचं, हा तिथला रिवाज. भीमा दोन पावलं मागे सरला.

“आता का रं?” बायांतून आक्काबाई ओरडली. “मगाशी तर लई फुरफुरत हुतास!”

हशा पिकला. मग श्रीमंत पाटील उठले. हळूहळू चालत आले आणि सगळ्या गावादेखत त्यांनी आसारामच्या पायावर डोकं ठेवलं. वीणा आपल्या गळ्यात घालून घेत हलकेच म्हणाले, “आता तुमची पाळी.”

आसारामला डाव तेव्हा कळला. वीणा देणाऱ्यानेही पाया पडायचं असतं. न पडावं, तर वीणेचा अपमान. पडावं, तर पाटलांपुढे वाकल्यासारखं. त्याने सहादेवबाबांकडे पाहिलं. बाबा तांब्या बाजूला धरून त्याच्याकडेच बघत होते. तो वाकला. पुरता वाकला.

“झाली माफी!” पाटलांनी आवाज चढवला. “समद्यांनी बगितली. मास्तर, नोकरी वाचली तुमची.”

एवढ्यावर गप्प बसला असता तर भागत होतं. ते कळत असूनच आसाराम म्हणाला, “ही माफी असेल, तर आधी तुम्ही मागितलीत, पाटील. मला पोचली. आता टँकर नेतो.”

आक्काबाई पदर तोंडात धरून हसली. पाटलांचा चेहरा तांब्यासारखा लाल झाला. एक पाऊल पुढे आले आणि थांबले. गळ्यात वीणा होती.

“कॉलेजात पाय टाकू नगंस पुन्हा! संपला तू!”

आसाराम टँकरमध्ये चढला. ड्रायव्हर गनीभाई स्टिअरिंगच्या चाकावर डोकं टेकून बसला होता.

“मास्तर, हुकूम कुनाचा?”

“तुमच्या कागदावर कुठलं गाव लिहिलंय?”

“गाव कसलं? खडीकेंद्रच लिव्हलंय. ह्यांनीच अडवलंय मला.”

“मग चला.”

गाडी वळली. मागे वीणेची तार चालूच होती, कारण पाटलांना ती थांबवता येत नव्हती. पहिला दगड येऊन टँकरच्या पत्र्यावर आदळला. पोकळ खणखण उठली नाही, बद्द आवाज आला. आत पाणी शिल्लक होतं.