चौथ्या प्रकरणातलं ‘म्हणून’

विद्याश्री पट्टणशेट्टी जयसिंगपूरच्या कॉलेजात गणित शिकवायची आणि सात वर्षं कोल्हापुरात पीएच.डी. करत होती. तिचा विषय असा: काही संचांना लांबीसारखं माप असतं, काहींना नसतं. माप नसलेल्या संचाला माप देऊन आत घ्यायचं, पण आधीच्या कुणाचं माप हलू द्यायचं नाही. असा एक घेता येतो, मग दुसरा, मग तिसरा. चौथ्या प्रकरणात तिनं पुढं लिहिलं होतं: म्हणून असे संच अनंत संख्येनंही घेता येतात.

तोंडी परीक्षेला आठ दिवस असताना, हातकणंगल्याजवळ एस.टी.त टिपणं चाळताना तिला ते ‘म्हणून’ खटकलं. घरी येऊन तिनं वहीत एकात एक बसणारे, लहान होत जाणारे संच मांडले. तिच्या रीतीनं प्रत्येकाचं माप एक येत होतं. आणि सगळ्यांत मिळून सामाईक असा एकही बिंदू नव्हता. म्हणजे मापं घटत शेवटी शून्यावर यायला हवी होती; ती एकावरच अडली होती. प्रमेय चूक होतं.

तिला वाटलं, आता रडू येईल. आलं नाही. तिनं भाकरी थापल्या.

दुसऱ्या दिवशी मार्गदर्शक पूर्णिमा मॅडमनी ते पान दोनदा वाचलं. बाहेरच्या दोन्ही परीक्षकांनी प्रबंध मंजूर केल्याचं त्यांनी सांगितलं. मग हळूच म्हणाल्या, “तू बोलली नाहीस तर कुणाला कळणार नाही, विद्याश्री.”

“मला कळलंय की, मॅडम.”

मॅडमनी पान परत दिलं आणि परीक्षा पुढं ढकलायचा अर्ज स्वतःच लिहायला घेतला.

वडिलांनी, अण्णासोंनी, कागलच्या पाव्हण्यांना पदवीच्या जेवणाचं आवतण दिलेलं होतं. तिनं परीक्षा पुढं गेल्याचं सांगितलं. त्यांनी विचारलं, “सगळंच चुकलं व्हय गं?”

“न्हाय अण्णा. एकच प्रकरण.”

त्यांनी फोन करून आवतण रद्द केलं.

पुढं वर्षभर ती शिकवायची, जेवायची, वहीत खोडायची. अखेर एवढंच सिद्ध झालं: संच एकमेकांत कुठंच मिसळत नसतील, तर अनंत संख्येनंही घेता येतात. प्रमेय आकारानं निम्मं झालं. पदवी मिळाली. मॅडमनी तिला जवळ घेतलं, तेव्हा आपले हात कुठं ठेवायचे हे तिला सुचेना. संध्याकाळी शेजारच्या शालूबाई अभिनंदन करायला आल्या. तिनं त्यांना बसायला सांगितलं आणि चहाचं आधण ठेवलं.