मुकादम मासा आणि देवाच्या दिव्याची लाईन

मी सांगणार आहे ते तुमच्यापैकी एकालाही पटणार नाही. पटलं तर मीच घाबरेन, कारण मग सांगण्यात माझंच काहीतरी चुकलं. पण व्हिन्सेंट, तू नायगावच्या नव्या टॉवरात सहा फुटी फिश टँक बसवायला निघालायस, म्हणून ऐक. आपण ज्या ओट्यावर बसलोय ना, त्याच घरात हे घडलं. हा फर्डिनंड साक्षीला आहे. तो काही बोलणार नाही. मासे पाळून पाळून त्यांच्यासारखाच झालाय.

तर फर्डिनंड रिटायर झाला आणि पाचशे लिटरची काचपेटी घेऊन आला. टेंपोतून उतरवायला नऊ माणसं लागली, दहावा मी, ओरडायला. फिल्टर, हवेचा पंप, हीटर, दिवे, सगळ्यांच्या वायरी आल्या. लावायच्या कुठे? आपल्या घरांत बाहेर पडताना जो तो बटणं बंद करत सुटतो. पंप बंद पडला की मासे गेले. कुणीच कधी बंद करत नाही असं बटण घरात एकच, येशूच्या पवित्र हृदयाच्या तसबिरीपुढच्या लाल दिव्याचं. ह्या शहाण्याने तिथेच एक्स्टेंशन जोडली आणि तिचा बोर्ड ठेवला टाकीखाली, जमिनीवर.

"देवाच्या लाईनीला हात कोण लावणार, बर्नार्डकाका?" मलाच विचारतो.

"माणसं नाही लावणार रे. पाणी लावेल," मी म्हणालो. चाळीस वर्षं वायरमनचं काम केलंय, पाण्याचा स्वभाव ओळखतो.

आठवडाही गेला नाही. टाकीत एक ऑस्कर मासा होता, भाकरीएवढा. दिवसभर बाकीच्यांना हाकायचा, म्हणून नाव मुकादम. संध्याकाळी रोझरीची प्रार्थना चालू, पाच रहस्यांतलं तिसरं, आणि मुकादमाने शेपूट आपटली. पाणी वायरीवर पडलं आणि घसरगुंडी खेळत थेट बोर्डात. फट्! पंप बंद, पंखा बंद, देवाचा दिवाही गुल.

फर्डिनंडच्या बायकोने, बेटीने, अंधारात रोझरी पुरी केली. मग उठली.

"फर्डी, लाईट जाते ती गोष्ट वेगळी. तुझ्या माशापायी देव अंधारात? पुन्हा एकदा हा दिवा विझला, तर मासे विहिरीत. मागोमाग तू."

फर्डिनंड रडकुंडीला येऊन माझ्या दारात. मग मी मेन स्विच पाडला, टाकी हातभर सरकवली आणि भिंतीवर खडूने नकाशा काढला. आता हे मात्र खोटं नाही, व्हिन्सेंट, तुझ्या वायरमनकडून असंच करून घे. देवाची लाईन देवाला ठेवली. टाकीला मीटरपासून वेगळी लाईन, अर्थिंगसकट. तिच्यावर आरसीसीबी, म्हणजे विजेची जरा गळती झाली की पापणी लवायच्या आत लाईन तोडणारा स्विच. सॉकेट बाजूच्या भिंतीत, पाण्याच्या पातळीच्या वर. टाकीच्या डोक्यावर नाही आणि पायाशी तर नाहीच नाही. प्रत्येक वायरीला सॉकेटखाली चांगला झोळ दिला. पाणी वायरीवरून आलंच, तर झोळाशी थेंब होऊन खाली गळेल, वर चढणार नाही. आणि टाकीत हात घालायच्या आधी सगळे प्लग काढायचे, हे फर्डिनंडकडून तीनदा वदवून घेतलं.

मग परीक्षा. बेटी कमरेवर हात ठेवून उभी. "काका, दिवा विझला तर?"

"तर विहिरीत मी पहिला!"

आरसीसीबीवर टेस्टचं बटण असतं, दर महिन्याला दाबून बघायचं. वीज चालू केली, मी बोट पुढे केलं, तोच मुकादम टाकीतून उसळला! चांगला अडीच हात उंच. हवेतच वळला, 'म्हाताऱ्या, हो बाजूला' असं माझ्याकडे बघितलं, आणि नाकाने बटण दाबलं. टक्! टाकीचे दिवे गेले, पंप थांबला. आणि तसबिरीपुढचा लाल दिवा? जळतोय, छान! बेटीने ओढणीने डोळे पुसले, फर्डिनंड खुर्चीभोवती नाचला, आणि मुकादम कोलांटी मारून पाण्यात, एक थेंबही न उडवता, जाता जाता मला शेपटीने सलाम करून...

"काका, आज रविवार आहे, देवाला तरी घाबरा!" वाळवलेल्या केळ्यांची, सुकेळ्यांची बशी घेऊन बेटी दारात उभी. "टाकी सरकवायला रिकामी केली होती ना? तुमचा मुकादम तेव्हा माझ्या बिर्याणीच्या टोपात पोहत होता. आणि बटण दाबलं मी!"