उलटा हात

आमचे हे पास झाले, ते आधीच सांगून टाकते. नाहीतर ऐकणाऱ्याचा जीव शेवटपर्यंत त्या निकालात अडकून राहतो आणि मला जे सांगायचंय ते बाजूलाच पडतं.

परीक्षा होती विजेच्या कामाच्या परवान्याची. हे एका मोठ्या रुग्णालयात विद्युत विभागाचे इंजिनिअर. तळघरातली स्विचरूम हे ह्यांचं दुसरं घर. कोणी पहिलं म्हटलं तरी मी भांडायला जाणार नाही. तिथे कुठलंही काम काढायचं तर आधी एक कागद निघतो: लाइन बंद केलेली आहे, काम सुरू करायला हरकत नाही. त्या कागदावर ज्याची सही, त्याच्या भरवशावर खालचा माणूस उघड्या तारेला हात लावतो. नवा नियम आला, की ही सही परवानाधारकानेच करायची. परवाना नाही मिळाला तर सहीला बाहेरचा कोणी येणार आणि ह्यांची रवानगी भांडारात, बल्ब मोजत बसायला.

"बल्ब मोजायला माझी ना नाही," हे म्हणायचे. "पण माझी माणसं तारेला हात लावणार कोणाच्या तरी सहीवर, आणि त्या कोणीतरीने आमची खोली डोळ्यांनी पाहिलेली पण नसणार."

लेखी परीक्षा पहिल्या फटक्यात सुटली. पन्नाशी उलटलेला माणूस कानाला पेन्सिल लावून घरभर सूत्रं पुटपुटत फिरायचा. मी शिवणकाम करते. पुढच्या खोलीत माझं मशीन. मी फॉल लावता लावता पुस्तकातले प्रश्न विचारायचे, हे उत्तरं द्यायचे. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण ह्यांचा आवाज खाली गेला की उत्तर चुकलं हे ओळखू यायला लागलं होतं.

गाडी अडली ती प्रात्यक्षिकात, आणि तीही एका सवयीपायी.

सवय अशी. तारेत वीज नाही हे टेस्टरने तपासून झालं, तरी हे शेवटी हाताची मागची बाजू तारेला हळूच लावून बघायचे. जुने लोक असंच करायचे म्हणतात. तळव्याने तार धरली आणि तिच्यात वीज निघाली तर बोटं आवळतात, माणूस सुटत नाही. उलटा हात लावला तर तो झटक्यासरशी मागे तरी येतो. ही खोड हाडीमाशी इतकी मुरलेली, की गरम तवा, माझी इस्त्री, परक्या घराच्या दाराची कडी, सगळ्याला आधी उलटा हात. लग्नानंतर माझ्या गालाला पहिल्यांदा हात लावला तोही उलटाच. मला वाटलं, ताप बघतायत. मी म्हटलं, बरी आहे मी. रुग्णालयातली माणसं पाठीमागे ह्यांना 'उलटेसाहेब' म्हणतात, आणि ते ह्यांना माहीत आहे.

परीक्षेतही तेच झालं. सगळं चोख केलं आणि शेवटी हात गेला. परीक्षकांनी तिथल्या तिथे थांबवलं. म्हणाले, "तुमचा तुमच्या तपासणीवर विश्वास नाही. तुम्ही स्वतः हात लावून बघता, मग दुसऱ्याला कशाच्या जोरावर सांगणार, बंद आहे म्हणून?" हे घरी आले, चपला काढल्या आणि तसेच पायरीवर बसून राहिले. आणखी एकच संधी होती.

आता जाऊबाईंबद्दल सांगायला हवं. माझे मोठे दीर, म्हणजे ह्यांचे दादा, ते याच कामातले. ह्यांना या धंद्यात त्यांनीच आणलं. एका कारखान्यात पॅनेल उघडून त्यांनी टेस्टर लावला, दिवा लागला नाही, म्हणून तार हातात धरली. तार जिवंत होती. मेला होता टेस्टरमधला दिवा. तेव्हापासून जाऊबाई आमच्याकडे आहेत. आमच्या घरात त्या मरणाला एकच वाक्य ठरलेलं: टेस्टरने दगा दिला. दादांचं काही चुकलं, असं कोणी कधी बोललं नाही, मनातसुद्धा आणलं नाही. विजेच्या इंजिनिअरचं घर, पण आमच्या घरात टेस्टर नाही. जाऊबाईंना तो नजरेसमोर चालत नाही. बटण दाबायचं झालं तर त्या लाकडी चमच्याच्या दांड्याने दाबतात. आणि हे कुठल्याच टेस्टरवर विश्वास ठेवत नाहीत, फक्त स्वतःच्या उलट्या हातावर.

पुस्तकात मात्र त्यावर उपाय दिलेला होता. अगदी साधा. टेस्टर आधी चालू तारेवर लावून बघायचा, तो लागतो ना. मग बंद केलेल्या तारेवर लावायचा. मग पुन्हा चालू तारेवर, मधल्यामध्ये तो गेला तर नाही ना. तीनदा बघायचं, बस. मी वाचलं आणि सुई हातातच राहिली.

"अहो, मग दादांनी..."

ह्यांनी माझ्या हातातून पुस्तक काढून घेतलं आणि मिटलं. तेव्हा मला सवयीचं मूळ कळलं. तीनदा बघणं पुरेसं आहे असं एकदा हाताने कबूल केलं, की दादांनी ते केलं नव्हतं हेही कबूल करावं लागत होतं. म्हणून डोकं पास झालं होतं आणि हात नापास.

तरी सराव तर करायलाच हवा होता. ह्यांनी कामावरून टेस्टर आणला, दोन टोकांचा, मध्ये छोटा दिवा. मागच्या खोलीत एका फळीवर दोन तारा बसवल्या, एक कायम चालू, दुसरीला कुलूप लावता येईल असा स्विच. जाऊबाई दुपारी पडतात तेवढ्या वेळात आमचा सराव. मी परीक्षक. शेवटी हात वर आला की कापड मापायच्या पट्टीने बोटांवर फटका. नवऱ्याला पट्टीने मारायची अधिकृत परवानगी कितीजणींना मिळते? पण आठवडा गेला, ह्यांची बोटं लाल झाली, आणि हात येतच राहिला.

एका रविवारी दार उघडं राहिलं. जाऊबाई घडी केलेले कपडे घेऊन आत आल्या आणि थांबल्या.

"हे घरात कोणी आणलं?"

हे गडबडून उभे राहिले. "परीक्षेसाठी, वहिनी. आजच परत नेतो."

मला वाटलं त्या कपडे टाकून निघून जातील. त्या खुर्चीवर बसल्या. कपडे मांडीवर तसेच. म्हणाल्या, "दाखवा मला. कसा दगा देतो तो."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग ह्यांनी टेस्टरमधला दिवा थोडा सैल केला आणि टोकं चालू तारेला लावली. काहीच नाही. अंधार.

"वीज आहे, वहिनी. पण हा गप्प आहे."

"त्या दिवशी असाच होता?"

"असाच."

"मग माणसाला कळायचं कसं?"

"तीनदा लावून बघायचं, त्यात पहिल्यांदा चालू तारेवर. तिथेही लागला नाही म्हणजे हाच गेलाय, हे कळतं."

जाऊबाईंनी मांडीवरचा एक सदरा उगीच उलगडला, पुन्हा घडी घातली. "किती वेळ लागतो त्याला?"

ह्यांनी सैल केलेला दिवा पुन्हा घट्ट बसवला. शेवटी म्हणाले, "काहीच नाही. एक श्वास."

"मग तुमच्या दादांनी ते बघितलं नव्हतं?"

ह्यांचा आवाज खाली गेला, उत्तर चुकल्यावर जातो तसा. पण उत्तर चुकलं नव्हतं. "नाही, वहिनी. नव्हतं बघितलं."

"त्यांना माहीत नसेल."

"माहीत होतं. मला दादानेच शिकवलं ते."

जाऊबाई इतकी वर्षं माझ्यासोबत आहेत, पण त्यांचा तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. "मी आयुष्यभर त्या डबड्याला शिव्या घातल्या. आणि ज्याला घालायच्या त्याचा फोटो रोज पदराने पुसला. घाई कसली होती मेल्याला? कुठे आग लागली होती? एक श्वास नव्हता त्याच्याजवळ माझ्यासाठी?" नवऱ्याला त्यांनी कधी अरे-तुरे केलं नव्हतं. कपडे जमिनीवर पडले आणि त्या आपल्या खोलीत गेल्या.

मला फार राग आला. ह्यांचा, की का खरं बोललात. मग वाटलं, इतकी वर्षं आपण सगळे मिळून गप्प बसलो त्याचा राग का नाही आला कधी? कपडे उचलताना मी रडले. दादांसाठी नाही, जाऊबाईंसाठी. दुःख तरी त्यांचं स्वतःचं होतं; आता त्यातही आम्ही रागाची भेसळ करून ठेवली होती, असं वाटलं.

पुढे बरेच दिवस त्या ह्यांच्याशी बोलल्या नाहीत. माझ्याशी कामापुरतं. दादांच्या फोटोवर धूळ दिसायला लागली. मी एकदा फडकं घेतलं तर म्हणाल्या, "राहू दे. बसू दे त्याला तसंच." हे जेवताना मान वर करत नव्हते. सराव चालू होता, कारण बंद करून तरी काय साधणार होतं? पण हाताचं तेच. मी पट्टी वापरणं सोडून दिलं. मारून मारून तरी किती मारायचं, आणि तेही असल्या हाताला.

परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही मागच्या खोलीत होतो. जाऊबाई आल्या. रिकाम्या हाताने, सरळ फळीपाशी.

"भाऊजी, करा पाहू ते तीनदा बघायचं."

ह्यांनी स्विच बंद केला, कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली. टेस्टर चालू तारेवर. दिवा लागला. बंद तारेवर. नाही लागला. पुन्हा चालू तारेवर. लागला. टेस्टर खाली ठेवला आणि हात उचलला गेला. उलटा. मी डोळे मिटून घेतले.

"खाली घ्या तो हात," जाऊबाई म्हणाल्या. "बंद आहे का?"

"बंद आहे, वहिनी."

"नक्की?"

"नक्की."

"मग मी लावते हात."

ह्यांचा चेहरा उतरला. "थांबा, वहिनी. मी आधी लावतो, मग तुम्ही..."

"तुम्ही आधी लावणार असाल तर मग तुमच्या सांगण्याला किंमत काय राहिली?" परीक्षक काय बोलले होते ते जाऊबाईंना कोणीच सांगितलेलं नव्हतं. "उद्यापासून परक्या बायकांच्या नवऱ्यांना सांगणार ना, लाव हात म्हणून? मग आज मला सांगा. तुमच्या दादांजवळ तेव्हा असं सांगणारा कोणी नव्हता."

त्यांना थांबवावं असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. काही झालं तर? एकाच घरात दुसऱ्यांदा? हे त्या तारेकडे बघत होते, मग टेस्टरकडे, मग खिशावरून हात फिरवून किल्ली चाचपली. तीनदा बघितलेलं सगळं त्यांनी मनात पुन्हा बघितलं असावं. मग दोन्ही हात पाठीमागे नेले आणि एकमेकांत घट्ट धरले.

"लावा, वहिनी," हे म्हणाले.

आणि चमच्याच्या दांड्याशिवाय ज्यांनी इतकी वर्षं साधं बटण दाबलं नव्हतं, त्या माझ्या जाऊबाईंनी हात पुढे केला. उलटा नाही. सरळ तळवा, पाची बोटं, आणि ती उघडी तांब्याची तार मुठीत धरली.

काहीच झालं नाही. बाहेर कुणाची तरी सायकल गेली.

"गार आहे हो," जाऊबाई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला त्यांनी हात काढला नाही. त्या कितीतरी वेळ ती तार धरून उभ्या राहिल्या, आणि हे त्यांच्या शेजारी, हात पाठीशी बांधून.