खटका कुणाचा

बौद्धिक संपदा कायद्याच्या तासाला सरांनी सरावासाठी एका पेटंटच्या प्रती वाटल्या. पायानं दाबला की रुग्णालयातल्या पलंगाचा कठडा खाली येईल, असा एक खटका.

"नमुनेदार पेटंट आहे," सर म्हणाले. "डोळ्यांसमोर ठेवा."

धाकटीनं आकृती पाहिली आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो खटका तिच्या ताईनं केला होता, घरी, जेवणाच्या टेबलावर, मोडक्या छत्रीतली स्प्रिंग काढून. आठवडाभर टेबल अडलं म्हणून आई कुरकुरत होती. ताई पलंग बनवणाऱ्या कंपनीत आरेखक होती. कागदावर शोधकर्ता म्हणून नाव मात्र कंपनीच्या मालकाचं होतं.

ती उठून उभी राहिली. "सर, मालकी कंपनीची असेल. पण शोधकर्ता म्हणून नाव ज्यानं शोध लावला त्याचंच हवं ना? हा माझ्या बहिणीनं लावलाय."

वर्गात खसखस पिकली.

"घरची धुणी वर्गात नकोत," सर म्हणाले. "पुरावा असेल तर बोला."

दुसऱ्या दिवशी ताई कामावरून आली ती धुमसतच. मालकानं तिच्यापुढे एक कागद ठेवला होता. 'मी फक्त सांगितल्याप्रमाणे आकृत्या काढल्या,' असं लिहून सही मागितली होती.

"कायदेशीर सल्लागारानं सुचवलं म्हणे," ताई म्हणाली. "सल्लागार म्हणजे तुझेच सर."

"केलीस सही?"

"नाही. पण तू कुणाला विचारून तोंड उघडलंस?"

"अगं, तुझ्यासाठीच..."

"खटका माझा, नोकरी माझी, आणि भांडायचं कधी ते तू ठरवणार? त्यानं मला न विचारता स्वतःचं नाव लावलं. तू मला न विचारता माझं घेतलंस."

खरंच होतं ते, धाकटीला पटलं. ताईच पुढे म्हणाली, "आता माघार नाही. पेटंट कार्यालयात अर्ज मी करणार, बोलणार मी. तू कलमं सांग."

पुरावा मोबाइलमध्ये सापडला. टेबलावरच्या खटक्याचे ढीगभर फोटो, आणि प्रत्येकात मागे आईचा वैतागलेला चेहरा. सुनावणीत सर मालकाच्या बाजूनं उभे राहिले आणि धाकटीकडे एकदाही न बघता बोलले. ताईची नोकरी तोवर गेली होतीच.

निकाल लागला. शोधकर्ता म्हणून ताईचं नाव घालावं. मालकाचंही राहू द्यावं, कारण कल्पनेला दिशा त्यांनी दिली.

"आलं ना नाव? मग झालं तर," आई म्हणाली.

"दिशा?" ताईनं निकाल टेबलावर आपटला. "वर्षभर 'हे खूळ सोड' म्हणत होता तो. ही त्याची दिशा."

मग ती धाकटीकडे वळली. "घुसवलेलं नाव काढायचं असेल तर काय करावं लागतं?"

"अपील," धाकटी म्हणाली, आणि या वेळी आधी विचारलं, "करू या?"

"करायचंच," ताई म्हणाली.