दादाच्या गाडीचा सांधा

दादाने किल्ली धाकटीच्या तळहातावर ठेवली, पण स्वतःची बोटं काही उचलली नाहीत.

"आधी ऐक. सुरू केल्या केल्या दामटायची नाही. इंजिन नीट तापू दे, तोवर टर्बोला, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्याला, कामाला लावायचं नाही. आणि लांबून, वेगात आलीस की लगेच बंद करायची नाही. मिनिट-दोन मिनिटं नुसती चालू ठेव. टर्बो लालभडक तापलेला असतो, एकदम बंद केलंस तर आतलं ऑइल जागच्या जागी करपतं."

"दादा, गाडी देतोयस की लेक सासरी पाठवतोयस?"

"लेकीच्या बाबतीत एवढं सांगावं लागत नाही. ऑइल पुस्तकात लिहिलंय त्याच्या निम्म्यातच बदलायचं. रबराचे पाइप दाबून बघायचे, कडक लागले की फेकून द्यायचे. आणि जळक्या ऑइलचा वास आला तर 'बघू उद्या' म्हणून बसायचं नाही."

एवढं झाल्यावर बोटं उचलली.

गाडी लाल, बुटकी, दोन दारांची. मागची सीट नावालाच. दादाने ती घेतली तेव्हाच ती जुनी होती, आणि तरीही त्या दिवसापासून रविवारची सकाळ तिची. बॉनेट वर, दादा आत वाकलेला. वहिनी तिला उघड उघड सवत म्हणायची. आता दादाचा गुडघा क्लच दाबू देईना. मुलाला विचारलं, तर तो म्हणाला, "नको बाबा, पेट्रोल ढोसते नुसती." धाकटी मात्र कधीची टपून बसलेली. पन्नाशी आली तरी घरात ती धाकटीच होती. सार्वजनिक तलावावर पोहायला शिकवायची आणि सायकलने ये-जा करायची.

तिने दादाचा शब्दन् शब्द पाळला. लेकीला घेऊन ती हमरस्त्याला लागली, तेव्हाही तापमानाचा काटा वर येईपर्यंत सबुरीने चालवली. मग पाय दाबला. टर्बोने शीळ घातली, पाठ सीटला चिकटली आणि लेक ओरडली, "आई, अजून!" धाकटीने अजून दाबला. घरी आल्यावर दोघी गाडीत बसून उगाच हसत राहिल्या, इंजिन निवांत चालू ठेवून. तेवढ्यात वास आला. करपलेल्या ऑइलचा.

दुसऱ्या दिवशी ती गॅरेजात गेली. मिस्त्री बोलका होता. गाडी वर उचलली तरी त्याचं तोंड थांबलं नव्हतं.

"कुणी सांभाळलीय हो ही? या वयाच्या टर्बोचा पंखा इतका गुळगुळीत फिरताना बघितला नाही मी. लोक नुसतं पळवतात, मग रडत येतात. ऑइलच्या पाइपाचं एक वॉशर गेलंय, दुसरं काही नाही. ऑइल ओघळून मागे गेलंय, तेवढं पुसून घेतो..."

त्याने फडकं फिरवलं, तर गाडीच्या तळाला दिलेला गंजरोधक काळा थर सालपटासारखा फडक्याबरोबर निघून आला. मिस्त्री गप्प झाला. त्याने स्क्रूड्रायव्हर उलटा धरून त्याच्या मुठीने पत्र्यावर ठोकलं. पुढे ठणठणीत आवाज आला. मध्ये नुसतं भद्द. त्याने आणखी थोडा थर खरवडला.

"ताई, जरा इकडे या. नाही, खाली नका येऊ. तिथूनच बघा."

तळाच्या पत्र्यावर, एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत, वेल्डिंगचा ओबडधोबड वळ गेला होता. त्यावर पुट्टी थापलेली. चालवणाऱ्याच्या बाजूला तो वळ फाटला होता. मिस्त्रीने करवतीचं पातं त्या फटीला लावलं. पातं सरळ आत गेलं.

"ही एक गाडी नाही," तो म्हणाला. "पुढचं अर्धं एका गाडीचं आहे, मागचं दुसरीचं. दोन्ही अपघातातल्या असणार. कुणीतरी चांगली अर्धी-अर्धी जोडली, वरून रंग फासला आणि विकली."

"म्हणजे काल आम्ही..."

"काल किती वेगात होतात?"

बुडणारी पोरं धाकटीने तलावाच्या तळातून एकटीने वर आणली होती, पण हे एकटीने निभणारं नव्हतं. टायरांच्या ढिगावर बसून तिने दादाला फोन लावला.

"दादा, तुला माहीत होतं?"

"काय माहीत होतं? धाकटे, काय झालं? तू बरी आहेस ना?"

तो काठी टेकत टॅक्सीने आला. मिस्त्रीने बॅटरीचा झोत धरला. दादाने हात वर करून त्या वळावरून बोट फिरवलं, शेवटच्या फटीपर्यंत, आणि बोट तिथेच राहिलं.

"ती डावीकडे ओढायची," तो म्हणाला. "मी म्हणायचो, तिचा स्वभावच तसा आहे. आणि हा काळा थर... मी लोकांना कौतुकाने दाखवायचो, आधीच्या मालकाने किती जपलीय बघा म्हणून."

दादाची सगळी नोकरी लिफ्ट तपासण्यात गेली होती. उंच उंच इमारतींतल्या लिफ्टचे दोर तो असेच बोटांनी चाचपायचा. त्याने हो म्हटल्याशिवाय लिफ्ट हलायची नाही.

"परक्यांचे जीव सांभाळले," तो म्हणाला, "आणि घरातल्यांना यात बसवलं."

ज्याच्याकडून गाडी घेतली तो कधीच देवाघरी गेला होता. भांडायला समोर कुणी नव्हतं. गाडी अशीच विकायची नाही, डोळ्यांसमोर कापायची, हे दादाने तिथेच ठरवलं.

घरी गेल्यावर तो फोन घेऊन बसला. त्या गाडीत जे कुणी बसलं होतं त्या प्रत्येकाला त्याने फोन लावला. वहिनी म्हणाली, "अहो, लोक वेड्यात काढतील." काढलंच. एक जुना मित्र त्याच गाडीतून लग्न करून बायकोला घरी घेऊन आला होता. तो हसत सुटला. "अरे, संसार टिकला ना? मग गाडीचं काय घेऊन बसलास!" दादाला हसू आलं नाही. धाकटी शेजारी बसून सगळं ऐकत होती.

मुलाला फोन शेवटी लावला. स्पीकर चालूच होता. दादाने सगळं सांगितलं.

"ऐकतोयस ना रे?"

"बाबा," मुलगा म्हणाला, "मला माहीत होतं."

वहिनीच्या हातातली ताटली टेबलावर आपटली.

"कॉलेजात असताना सीटखाली काहीतरी पडलं होतं. गालिचा उचलला तर वेल्डिंग दिसलं. मित्राला विचारलं, तो म्हणाला जुन्या गाड्यांना असे जोड असतात, पक्के असतात. तुम्हाला सांगायला आलो होतो. तुम्ही तिला पुसत होतात. मग सांगवेना. मी फक्त बसायचं बंद केलं."

"आणि आत्याला दिली तेव्हा?"

"तेव्हा वाटलं... इतकी वर्षं काही झालं नाही, तर आता काय होणार."

दादाने फोन ठेवला नाही. शेवटी धाकटीने हात लांब करून तो बंद केला.

गाडी कापायच्या दिवशी मुलगा न बोलावता आला. इंजिन आधीच काढून बाजूला ठेवलं होतं. मिस्त्रीने कटर लावला. तो निम्म्यापर्यंतही पोचला नसेल, तोच गाडीचा मागचा भाग धाडकन खाली बसला आणि एक दार आपोआप उघडलं. मिस्त्री उडी मारून मागे सरला. सांध्याच्या आतून पिवळी पडलेली वर्तमानपत्रं बाहेर लोंबत होती. भोकं बुजवायला कोंबलेली रद्दी, तिच्यावर पुट्टी, पुट्टीवर रंग. यावर ते सगळे एवढी वर्षं बसले होते.

मुलगा पांढराफटक पडला. धाकटी त्याच्याजवळ गेली आणि तिने त्याच्या थोबाडीत दिली. आयुष्यात पहिल्यांदा.

"माझी लेक होती शेजारी."

"हो, आत्या," तो म्हणाला. त्याने गालही चोळला नाही.

दादाने त्याच्याकडे पाहिलंही नाही. तो काठी टेकत टॅक्सीपर्यंत गेला. मुलाने धावत जाऊन दार उघडलं. दादा आत बसला, मग पलीकडे सरकला. मुलगा शेजारी बसला. टॅक्सी निघाली तेव्हाही दोघे दोन खिडक्यांतून बाहेर बघत होते.

धाकटीचा हात अजून झणझणत होता.

"ताई, इंजिनाचं काय करायचं?" मिस्त्रीने हळूच विचारलं. "उत्तम आहे हो. टर्बो तर नव्यासारखा."

तिने त्या चकचकीत पुसलेल्या इंजिनाकडे पाहिलं. एकही डाग नव्हता.

"कुणाच्या कामाचं असेल त्याला द्या," ती म्हणाली. "पण कशात बसवतोय, ते आधी खालून बघा."